माझा दुसरा कोपरा

मित्रांनो, शहाण्णव भोकांचा एक जुना प्लास्टिकचा ट्रे, एवढीच माझी ओळख. आठ रांगा, एकेका रांगेत बारा भोकं आणि त्यांत बसणाऱ्या इवल्या नळ्या. साच्यातून बाहेर आलो तेव्हाच माझा एक कोपरा तिरका कापलेला होता. बाकी तिघे धडधाकट आणि हाच असा का, म्हणून मी खट्टू झालो होतो. पुढे कळलं, माझी सगळी अक्कल त्याच कोपऱ्यात आहे. तो डाव्या हाताला ठेवला की पहिली नळी कुठली ते कळतं.

मी कामाला लागलो एका मत्स्यबीज केंद्रात. हौद बाबा सांभाळायचे आणि शेजारच्या खोलीत त्यांची मुलगी तपासणी करायची. माशाच्या शेपटीच्या पराचा तिळाएवढा तुकडा ती कापायची (पर पुन्हा वाढतो, काळजी नको) आणि नंबराप्रमाणे माझ्या नळ्यांत ठेवायची. त्या तुकड्यातल्या जनुकांच्या खुणा यंत्र वाचायचं. कोणत्या माशाची पिल्लं रोगापुढे टिकतील, ते त्यावरून समजायचं. मग तेच मासे पुढच्या पिढीचे आईबाप. "गुणी आहे हो माझा ट्रे," असं म्हणत ती मला पुसायची, तेव्हा मला अगदी मऊ मऊ वाटायचं.

एका वर्षी कल्ल्यांचा रोग आला. हौदच्या हौद रिकामे झाले. एका हौदात मात्र एकटी मोठी मादी शांतपणे फिरत राहिली. बाबा तिला थोरली म्हणायचे. तपासणीच्या यादीत तिचा नंबर सात.

"हिचीच पिल्लं करू," बाबा म्हणाले.

"बाबा, नुसत्या नशिबानेही जगली असेल ती. नशीब काही पोरांना देता येत नाही. आधी खुणा बघू."

"बघ की. पण थोरली नापास झाली तर तुझं यंत्र हौदात बुडवीन."

"ते तुमच्यापेक्षा महाग आहे हं."

"मग मला बुडव!"

दोघेही हसले. मीही हसलो असतो, पण ट्रेला हसता कुठे येतं?

त्याच आठवड्यात मुलीला मदत म्हणून बाबा मला धूत होते. त्यांचे हात साबणाचे. मी सटकलो आणि फरशीवर आपटलो. माझ्या कापलेल्या कोपऱ्याच्या तिरक्या रेषेत समोर असलेला कोपरा उडाला. बाबांनी दाराकडे पाहिलं, तुकडा उचलून खिशात टाकला आणि मला पुसून जागेवर ठेवलं. कोणाला काही बोलले नाहीत.

मुलीने नळ्या बरोबर भरल्या. रात्रभर मी फ्रीझरमध्ये होतो. सकाळी तिने मला बाहेर काढलं तेव्हा अंगावर बर्फाची पांढरी साय होती. घाईत तिला एक कापलेला कोपरा दिसला. तो तिने डाव्या हाताला केला. तो दुसरा, फरशीवर तुटलेला कोपरा होता. मी उलटा आहे, उलटा आहे, असं मी मनात ओरडत राहिलो. सातव्या नळीच्या जागी नव्वदावी वाचली गेली आणि नव्वदाव्या जागी थोरली.

अहवालात नव्वद नंबर पहिला आणि सात नंबर तळाला. बाबांनी कागद दोनदा वाचला. "तुझं यंत्र म्हणतंय तर असेल तसं," ते म्हणाले. यंत्र कोणी बुडवलं नाही. थोरली बाजाराच्या गाडीत गेली. जाळीतून तिला त्यांनी स्वतः उचललं.

पुढच्या मोसमात रोग परत आला आणि नव्वद नंबरची पिल्लं पाण्यावर उलटी तरंगू लागली. मुलीने जुना अहवाल काढला. जनुकांवरून नर की मादी ते सांगणारा रकाना तिने तेव्हा पाहिलाच नव्हता. इतकं साधं काय तपासायचं, असं तिला वाटलं होतं. आता पाहते तर पोटात अंडी असलेल्या माद्या कागदावर नर! तिने मला हातात घेतलं. एक कोपरा चाचपला, मग दुसरा.

"हा कधी तुटला?"

बाबांनी खरं ते सांगितलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू चिडशील म्हणून."

"मी इतकी चिडते, बाबा?"

बाबा हातातल्या जाळीची गाठ उगाच सोडत बसले. मुलीने डोळे पुसले. "चूक माझीही आहे. तो रकाना मी बघायला हवा होता," ती म्हणाली. पण हे ऐकायला थोरली कुठे होती?

आता मी कपाटात वरच्या फळीवर रिकामा पडून असतो. काम नव्या ट्रेकडे गेलं, ते बरंच झालं. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. हातून काही तुटलं तर लगेच सांगा. आणि कोणी काही तुटकं घेऊन तुमच्यापुढे आलं, तर आधी "तुला लागलं नाही ना?" एवढंच विचारा. त्या दिवशी बाबांना असं कोणी विचारेल याची खात्री असती, तर आज त्या हौदात थोरलीची पोरं असती.