भादव्यातला पाहुणा

पोळा सरला, भादवा लागला आणि बयनाबाईच्या चांदी कुत्रीमागं गावभरचे कुत्रे लागले. अंगणात नुसती गुरगुर आणि चावाचावी. बयनाबाई काठी घेऊन हाकलून हाकलून थकली. अशात एका सकाळी नाल्याकडून एक फाटक्या कानाचा भुरा कुत्रा आला, आणि तिची उगारलेली काठी तशीच राहिली.

"अगं बाई, हा तर आपला भुऱ्या!"

आपला म्हणजे माहेरचा. नाल्यापलीकडच्या गावातल्या तिच्या धाकट्या भावाचा, देवाजीचा.

देवाजीनं तीन वर्षांत तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. त्याची पोर सून करून घेईन, असा बयनाबाईनं शब्द दिला होता. आणि तिचा पोरगा तेलंगणातल्या बोथ गावी मास्तर झाला, तिथल्याच तेलुगू मास्तरणीशी लग्न लावून मोकळा झाला! देवाजी भांडला नाही. भांडला असता तर बरं, पण तो नुसता भाऊबीजेला यायचा थांबला. आणि ही तरी काय, "बोलावल्याबिगर जाते कशाला," म्हणून बसून राहिली. एकाच बापाची लेकरं ना! दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची आणि पदरानं डोळे पुसायची.

भुऱ्यानं गावच्या कुत्र्यांना लोळवलं आणि भर दुपारी गल्लीत चांदीवर चढला. मग दोघं अडकली, पाठीला पाठ लावून उभी राहिली. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. दगड सुरू झाले. बाया तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. बयनाबाई मधोमध जाऊन उभी राहिली.

"मेल्याहो, ओढाताण केली त दोघाईले इजा होते! आपोआप सुटतीन ते. अन् तुमी काऊन दात काढून राह्यल्या वं? तुमची लेकरं काय आभाळातून पडली?"

दोघं सुटेपर्यंत ती उन्हातून हलली नाही.

काही दिवसांनी चांदीचा माज उतरला. कुत्रे पांगले. भुऱ्याही नाल्याच्या वाटेला लागला, तशी बयनाबाईनं त्याला धरलं आणि गोठ्यात बांधून टाकलं.

"दुसऱ्याचा कुत्रा काऊन बांधून राह्यली?" तिचा नवरा मारोतराव म्हणाला.

"शोधत येईन ना त्याचा मालक."

मारोतराव काय समजायचं ते समजला.

मग सुरू झालं वाट पाहणं. सायकलची घंटी वाजली की ती पदर सावरायची. नाल्यापलीकडून येणारी तामसीची बस फाट्यावर थांबली की उठून बघायची. कोणी आलं नाही. भुऱ्या दूधभाकरीला तोंड लावेना. चांदी जवळ येऊन हुंगायची, पण आता त्याला चांदी नको होती, घर पाहिजे होतं. नाल्याकडं तोंड करून असा रडायचा की बयनाबाई हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसायची.

"बाबा, तुले तरी कशाले कोंडू," एका सकाळी ती त्याला म्हणाली. "माह्यंच मन तिकडं लागलं हाय."

तिनं खुंट्यावरून दोर सोडला. नाल्यापर्यंत पोचवते, एवढंच ठरवलं होतं. नाला आला. भुऱ्यानं ओढ घेतली आणि बयनाबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली.

देवाजी अंगणात खाटेवर बसला होता. भुऱ्यानं त्याच्या अंगावर उड्या मारल्या.

"कुत्रा आणला तुहा," ती म्हणाली. "शोधाले बी आला नाईस रे, देवा."

देवाजी कुत्र्याच्या गळ्यातला दोर सोडत होता. वर बघत नव्हता.

"कुठं हाय हे मले ठाऊक होतं, बाई. म्हटलं, राहू दे. त्याले सोडाले तरी येशीन."

बयनाबाई खाटेच्या कडेला टेकली. तिकडं आपण वाटेकडं डोळे लावून बसलो आणि इकडं हाही तसाच! तिला रडू आवरेना. घरातून देवाजीची लेक बाहेर आली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, भरल्या पोटाची. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "घे आत्या," एवढंच म्हणाली.

देवाजीनं विचारलं, "चांदीले राह्यलं असंन?"

"असंनच."

"मंग पयलं पिल्लू माह्यं. नर ज्याचा, निवडायचा मान त्याचा. कवा होतीन?"

बयनाबाईनं बोटं मोजली. भादवा, आश्विन.

"भाऊबीजेच्या आसपास."

देवाजी भुऱ्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवत राहिला.

"येतो मंग तवा," तो म्हणाला. "पिल्लू पाहाले."

"ये," बयनाबाई म्हणाली. "पाट मांडून ठेवते."