हेमचंद्रांचा उजवा बूट

मित्रांनो, तुम्ही ज्याला जोडा म्हणता त्यातला मी अर्धा आहे. उजवा. डावा शेजारीच बसला आहे, पण तो बोलत नाही, चालताना फक्त ‘चुईं’ करतो. म्हणून आमची हकीकत मलाच सांगावी लागते. आता आम्ही म्हातारे झालो. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात, गराजच्या दाराशी, बर्फाचे पाणी धरणाऱ्या रबरी ट्रेमध्ये आमचा मुक्काम असतो.

आम्ही जाड तपकिरी चामड्याचे, डोंगरात चालायचे बूट. आम्हाला विकत घेतले हेमचंद्रांनी. ते सांगलीहून तरुणपणी कॅनडात आले आणि पोलादाच्या कारखान्यात धातुतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. बूट घेतानाही त्यांनी मला उलटे केले, वाकवले, नखाने टकटक केली आणि दुकानातल्या बाईला विचारले, “हे हुक पितळेचे आहेत की नुसता मुलामा?” त्या बिचारीने मॅनेजरला बोलावले. मॅनेजरलाही माहीत नव्हते. उमाताई, म्हणजे हेमचंद्रांच्या पत्नी, तोवर दुसऱ्या दुकानातून पडदे घेऊन परत आल्या होत्या.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. डोंगर काही दिसला नाही, पण ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना, म्हणजे फावड्याने उपसताना, हेमचंद्र आम्हालाच घालत. शेजाऱ्यांना पाय वर करून दाखवत आणि म्हणत, “टँक आहेत, टँक!” अशी स्तुती कोणाला आवडत नाही?

मग २००८ साली घरात वादळ उठले. हेमचंद्रांची मुलगी गौरांगी पदवी घेऊन जपानला गेली होती. तिथल्या डोंगरातल्या एका खेड्यात, शाळेत इंग्रजी शिकवायला. वर्षभर जाऊन येते म्हणाली होती. वर्ष संपत आले तेव्हा फोनवर म्हणाली, “बाबा, आय वॉन्ट टू स्टे. अजून दोन वर्षं.”

हेमचंद्रांनी तर गणपतीत, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाच्या रांगेत, सगळ्यांना सांगून टाकले होते की गौरांगी जानेवारीपासून मॉन्ट्रियलला मास्टर्स करणार.

“आता लोकांना काय सांगू?” ते म्हणाले.

“लोक विसरले असतील हो,” उमाताई म्हणाल्या. “त्यांचं लक्ष जिलबीकडे होतं.”

पण हेमचंद्रांनी ठरवले, की जायचे आणि तिला घेऊन यायचे. कोणाकडे विसरलेली छत्री आणावी तशी. जातानाची दोन तिकिटे काढली आणि येतानाची तीन. डोंगर म्हटल्यावर आमची आठवण झाली, आणि अशा रीतीने मी जपान पाहिला.

मित्रांनो, जपान बुटांसाठी जरा अवघडच. तिथे घरात शिरले की दाराशीच एक खोलगट जागा असते. तिथे पायातले काढून ठेवायचे आणि मग वर चढायचे. त्यामुळे जपानी घर आतून कसे असते ते मला विचारू नका. जपानी दार मात्र मला पाठ आहे.

गौरांगीचे खेडे खोऱ्यात होते. चहूकडे उंच सरळसोट झाडांचे डोंगर, उतारावर भाताची खाचरे, कापलेल्या भाताच्या पेंढ्या बांबूवर उलट्या टांगलेल्या. काही घरे गवताने जाड शाकारलेली. प्रत्येक ओसरीवर सोललेली नारिंगी फळे दोऱ्यांत ओवून वाळत घातलेली. रस्त्याच्या कडेने दगडी पाटातून पाणी सारखे खळखळत होते. उमाताई दर वळणावर थांबून “अगं बाई!” म्हणत. हेमचंद्र थांबत नसत. ते कामाला आले होते.

गौरांगीच्या दारातच त्यांनी विषय काढला. माझी नाडीही सुटली नव्हती.

“रविवारी आपण तिघं निघायचं. तिकीट काढलंय.”

“बाबा, आय ॲम नॉट अ सूटकेस.”

“अहो, आधी आत तरी या,” उमाताई म्हणाल्या. त्यानंतर आतून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. भांडण झाले असते तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी गावच्या सभागृहात पाहुण्यांसाठी जेवण होते. दाराशी पादत्राणांची ही गर्दी! त्यात आम्ही दोघे म्हशींसारखे उठून दिसत होतो. जेवण लवकर आटोपून एक म्हातारेबुवा बाहेर आले. मोरीता-सान त्यांचे नाव. तिथे नावापुढे ‘सान’ लावतात, आपल्या ‘राव’सारखे. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि पोटात तांदळाची दारू. त्यांनी आमच्यात पाय घातले, जरा हलवून पाहिले, खुशीत मान डोलावली आणि चालू लागले. म्हातारपणी पाय आटतात, असे त्यांना वाटले असावे.

मी काय करणार? बुटाला ओरडता येत नाही. डावा ‘चुईं’ म्हणाला, तेवढेच.

आमच्या आत त्यांचा पाय डब्यातल्या शेवटच्या लाडवासारखा खुळखुळत होता. पण काय सांगू, चालणे कसे असते ते मला त्या दिवशी कळले! हेमचंद्र जमिनीला दम देत चालतात. मोरीता-सान गुणगुणत चालले. पाऊलवाटेवर शेवाळ होते, ओल्या पानांचा थर होता, लाकडी साकवावरून झरा ओलांडला. पुढे रानात वाकून त्यांनी पाने बाजूला सारली आणि अळंबी काढली. अळंबीची जागा तिथे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत म्हणे. मला ती फुकट कळली, आणि मी ती तुम्हालाही सांगणार नाही.

इकडे सभागृहाच्या दारात जे झाले ते मी नंतर गौरांगीच्या तोंडून ऐकले. हेमचंद्र बाहेर आले तर आमच्या जागी छोटे काळे गमबूट. त्यांत त्यांची टाचसुद्धा शिरेना.

“माझे बूट चोरले!”

“बाबा, इथे कोणी चोरत नाही. मिक्सअप झालंय.”

“मिक्सअप? ते अकरा नंबरचे आहेत! हत्तीचं मिक्सअप होतं का कोणाशी?”

गावातल्या दुकानात त्यांच्या मापाचे काहीच नव्हते. शेवटी शेजारच्या हारुको-सान या आजींनी आपल्या दिवंगत यजमानांच्या लाकडी सपाता दिल्या. हेमचंद्रांची निम्मी टाच मागे अधांतरी. गमबूट कोणाचे ते हारुको-सान यांनीच ओळखले, आणि बापलेक डोंगर चढू लागले. उमाताई खालीच राहिल्या. “मला इतकं हसू आवरणार नाही,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

वर, मोरीता-सान यांच्या ओसरीखाली आम्ही उन्हात बसलो होतो. खालून खटाक, खटाक असा आवाज येऊ लागला. मी मालकांना आजवर कधी समोरून येताना पाहिले नव्हते, मित्रांनो. नेहमी खालूनच पाहिले. पुढे गौरांगी होती आणि मागे हेमचंद्र, घामाघूम, आणि त्यांच्या दोन्ही हातांत मुळे! हातभर लांब, पांढरेशुभ्र मुळे, पानांसकट. वर बगलेत एक भोपळा आणि गळ्यात त्या नारिंगी फळांची माळ.

वाटेत प्रत्येक घरातून कोणीतरी बाहेर येत होते. “गोरी-सेन्सेइ!” अशी हाक मारायचे, म्हणजे शाळेतल्या गौरांगीबाई. सेन्सेइंचे वडील म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसे जाऊ द्यायचे? गौरांगी प्रत्येकाशी थांबून भराभरा बोलत होती, हसत होती. हेमचंद्रांना एक अक्षर कळत नव्हते. जन्मात पहिल्यांदा ते लेकीच्या मागे चालत होते, आणि मुळे धरत होते.

हेमचंद्रांचे पाय आणि मग आम्हाला पाहून मोरीता-सान यांना आपली चूक कळली. ते ताडकन उठले आणि कमरेतून वाकले. पुन्हा वाकले. हेमचंद्रांनी वाटेत कडक भाषण तयार केले होते. पण समोरचा माणूस असा वाकल्यावर काय बोलणार? तेही वाकले. मुळे सांडले. भोपळा घरंगळत थेट माझ्यावर आला. मोरीता-सान वेचायला वाकले, ते आणखी वाकले आहेत असे वाटून हेमचंद्र पुन्हा वाकले, आणि त्यांची सपात निसटून पाटात गेली. गौरांगी हसून हसून खाली बसली.

मग चहा झाला. मोरीता-सान यांनी काहीतरी विचारले.

“काय म्हणतात?”

“विचारतायत, मी किती दिवस आहे अजून.”

हेमचंद्रांनी घसा खाकरला. “सांग त्यांना. रविवारपर्यंत.”

गौरांगीने सांगितले. जसेच्या तसे. मोरीता-सान यांनी पेला खाली ठेवला, खोऱ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात एक वाक्य बोलले.

“काय म्हणाले?”

“नथिंग.”

“गौरांगी.”

“म्हणाले, मुलं समजून घेतील. इथून सगळेच जातात. त्यांना सवय आहे.”

हेमचंद्र उठले. वाकून त्यांनी आमच्यात पाय घातले आणि नाडी बांधू लागले. इतका वेळ त्यांना माझी नाडी बांधायला कधीच लागला नव्हता. उतरताना त्यांनी जमिनीला एकदाही दम दिला नाही.

रविवार उजाडला. सामान दारात आले. सूटकेस दोनच होत्या. हेमचंद्रांनी आमच्यावरचा चिखल पुसला, आम्हाला दाराशी नीट जुळवून ठेवले, पुढची टोके बाहेरच्या बाजूला करून. आणि स्वतः दुकानातल्या सगळ्यात मोठ्या प्लॅस्टिकच्या स्लिपर घातल्या. टाच त्यांतही मावत नव्हती.

“बाबा, तुमचे बूट!”

“राहू देत. एकटी मुलगी राहते. दारात पुरुषाचा जोडा असलेला बरा.”

“इथे कोणी दारालासुद्धा लॉक लावत नाही.”

“अस्वलं आहेत ना?”

“बाबा, अस्वलं शूज बघत नाहीत.”

“अकरा नंबर बघतील,” हेमचंद्र म्हणाले, आणि बसकडे निघाले. वळून न पाहता. गौरांगी मोजे घातलेल्या पायांनीच त्यांच्यामागे रस्त्यावर धावली.

हॅमिल्टनला बर्फ पडला होता. विमानतळावर घ्यायला आलेल्या, मंडळातल्या दिलीपकाकांनी विचारले, “हे काय, स्लिपर? बूट कुठे गेले?” त्यावर हेमचंद्र म्हणाले, “बूट कामावर आहेत.” आणि गौरांगी? “तीही कामावर आहे. सेन्सेइ आहे ती.” हे उमाताईंनी फोनवर लेकीला सांगितले, आणि मी ते दारात बसून ऐकले.

दोन वर्षे आम्ही ती नोकरी केली. अस्वल एकही आले नाही, म्हणजे आमचे काम चोख झाले असे मी समजतो. पहिल्या वर्षी गौरांगी रोज येताजाता आमच्याकडे बघून हसायची. दुसऱ्या वर्षी कामाच्या घाईत विसरली. डाव्यात छत्र्या उभ्या राहू लागल्या आणि माझ्यात एका बेडकाने संसार थाटला. पण निघण्याआधी तिने आम्हाला घासूनपुसून चमकवले आणि उचलून घरी आणले. बेडूक तिथेच राहिला.

आता हेमचंद्रांचा गुडघा दुखतो. बर्फ शोव्हल करायला माणूस येतो. उमाताई दोनदा आम्हाला दानाच्या पेटीत टाकायला निघाल्या आणि हेमचंद्रांनी दोनदा गाडीच्या डिकीतून आम्हाला परत आणले.

परवा मोरीता-सान यांचा फोन आला. गौरांगी आपल्या मॉन्ट्रियलच्या घरी होती, त्यामुळे या वेळी भाषांतर करायला कोणी नव्हते. म्हाताऱ्यांनी मात्र फोन ठेवला नाही. इकडून मराठी, तिकडून जपानी, दोन्हीकडून जोरात. मग तिकडून प्रश्न आला, “बूत्सु?”

हेमचंद्र क्षणभर थबकले. “बूट? हो! बूट! आहेत, आहेत!” असे ओरडत ते लंगडत गराजच्या दाराशी आले. मला उचलले, फोनपाशी धरले आणि माझी टाच फरशीवर जोरजोरात आपटली. तिकडून इतके हसू ऐकू आले की उमाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

तर मित्रांनो, एवढेच मागणे आहे. भिजून आलो तर आम्हाला हीटरला चिकटवू नका, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, निवांत वाळू द्या. आणि जोडा घालवेनासा झाला तरी त्याला लगेच घराबाहेर काढू नका. टाच अजून दुखते आहे, पण ते हसू फार लांबून आले होते.