राबावरची दुसरी चक्कर

बुवापाड्यात राजेंद्रच्या हाताबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तोंडाबद्दल. गाडी नीट व्हायच्या आधीच हा तिचे पोवाडे गायला लागे. गॅरेजही केवढं, तर बदलापूर रोडला पत्र्याची एक शेड आणि बाहेर टायरांची चळत. पण बोलणं असं, की लष्कराच्या गाड्याही इथूनच तयार होऊन जातात!

त्या वर्षी त्याला बोलायला खरंच कारण मिळालं. उल्हासनगर कॅम्प तीनमधला जीन्सवाला मुकेश त्याच्याकडे एक जुनी लांब जीप घेऊन आला. आधीची मोटार सव्वीस जुलैच्या पुरात बुडाली, तेव्हापासून मुकेशनं हायच खाल्ली होती. “राजूभाई, ऐसी गाडी बना की पाणी, चिखल, पहाड, काही अडलं नाही पाहिजे. आणि आत झोपता, जेवता आलं पाहिजे. फॅमिलीला घेऊन लडाख जाणार मी.”

राजेंद्रनं हिवाळाभर तिच्यावर जीव टाकला. गाडी उंच केली, स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटा घातला, रुंद खाचांचे टायर चढवले. चारही चाकांना जोर देणारा गिअर खोलून नवा केल्यासारखा केला. मागे बिछाना, शेगडी, टपावर पाण्याची टाकी. पुढे अडकलेली गाडी ओढून काढायला विंच. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि राजेंद्र प्रत्येकाला तेच सांगायचा, “हिला रस्ता लागत नाही.”

गाडी हवाली करण्याआधी ट्रायल हवी म्हणून मेअखेरच्या एका रविवारी तो बायकोला, यशोधराला, घेऊन बारवी धरणाच्या बाजूला निघाला. मुकेशनं फोटोसाठी आपला डिजिटल कॅमेरा दिला होता. डांबरी सोडून ते डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यापाशी पोचले. उतारावर काळ्याकुट्ट जमिनीचा एक तुकडा होता. वणव्यानं जळलेलं माळरान, राजेंद्रनं ठरवून टाकलं. ना झाड, ना पीक. ट्रायलला याहून चांगली जागा कुठली?

यशोधरा कॅमेरा घेऊन खाली उतरली. राजेंद्रनं चारही चाकांचा जोर लावला आणि गाडी त्या काळ्या मातीत घातली. चाकांनी मातीचं कारंजं उडवलं. वरच्या बाजूनं एक बाई झोपडीतून धावत आली आणि दोन्ही हात उंच करून हलवू लागली. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. गावाकडची माणसं गाडी दिसली की टाटा करतातच! राजेंद्रनं खिडकीतून झोकात हात हलवला, हॉर्न दिला आणि तिच्यासाठी म्हणून खास आणखी एक चक्कर मारली.

चक्कर पुरी होता होता गाडी खालच्या ओहोळात घसरली आणि गाळात बसली ती बसलीच. विंचचा दोर बांधावा तर दोर पोचेल एवढ्या अंतरात एक झाड नाही. बाई आली, मागून तिचा नवराही आला. त्याचं नाव धाकलू, तिचं सोनी. धाकलूनं एकदा वरच्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि दगड आणायला लागला. सोनीनं शेळ्यांच्या खोपटाचं लाकडी दार काढून आणलं आणि चाकाखाली सरकवलं. राजेंद्र गाडीत बसला आणि तिघांनी मागून जोर केला. दार कडकन मोडलं, पण गाडी बाहेर आली.

“दार मोडलं हो तुमचं,” यशोधरा म्हणाली.

“जाऊ दे. झालं ता झालं,” धाकलू म्हणाला, आणि तांब्याभर पाणी त्यानं राजेंद्रपुढे धरलं. पाणी पिऊन राजेंद्रनं त्याला गाडीचे गुण सांगितले. हिला रस्ता लागत नाही, हेही सांगितलं. धाकलूनं मान हलवली.

ट्रायलहून आलं की गाडीचं पोट राजेंद्र स्वतः धुई. कुठे तेल गळतंय का, हे चिखल काढल्याशिवाय कळत नाही, आणि हे काम तो कुणाला देत नसे. त्या संध्याकाळी टायरच्या खाचांतून तो काळी माती खरवडत होता. त्याची आई, जनाबाई, चहा घेऊन आली. तिनं खाली पडलेलं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं आणि तळहात त्याच्यासमोर धरला. मातीत पिवळसर दाणे होते.

“हे भात आहे, राजा. कुणाचा राब तुडवून आलास?”

“राब? अगं, जळलेली जमीन होती ती.”

“जळलेली नाही, भाजलेली. पाला, शेण आणून आणून थर घालायचे, भाजायचं आणि पाऊस यायच्या आत धुळीतच बी पेरायचं. वरून काही दिसत नाही. तिथली रोपं काढून सगळ्या खाचरांत लावतात. लहानपणी डोक्यावरनं पाला वाहून माझी मान मोडायची.” मग तिनं विचारलं, “अरे, कुणी अडवलं कसं नाही तुला?”

राजेंद्रला ते दोन हात आठवले. शरमेनं त्याला आईकडे बघवेना. तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि धुऊन झालेलं चाक धूत बसला.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर भाताच्या बियाण्याची गोणी आणि सागाच्या फळ्या बांधून तो पाड्यावर गेला. मोटरसायकल त्यानं डांबरीवरच ठेवली आणि ओझं डोक्यावर घेऊन चढला. धाकलू काळ्या तुकड्यावर उकिडवा बसून हातानं माती सारखी करत होता. अर्ध्याहून जास्त राब चाकांनी खणून ओहोळात ढकलला होता.

“मला कळलंच नाही, दादा,” राजेंद्र म्हणाला. डोक्यावरचं ओझं त्यानं खाली ठेवलं.

“तुमी पाव्हणं. त्यात गाडी रुतलेली. तेव्हा काय बोलनार?” धाकलूच ओशाळला होता, जणू चूक त्याची. राजेंद्रला ते जास्त लागलं.

“बियानं आनलंत, बरं क्येलंत,” सोनी म्हणाली. “पर भाजलेली माती कुठशी आननार? रानातला पाला सरला. आवंदा अर्ध्या खाचरांतच लावनी व्हईल.” मग त्याच्याकडे सरळ बघून तिनं रागाशिवाय, झालेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं, “मी हात क्येला, तर तुमी बी हात क्येलात.”

त्यानं खोपटाला नवं दार बसवलं. तेवढंच त्याच्या हातात होतं, आणि ते किती थोडं आहे हे खिळे ठोकताना त्याला सारखं दिसत होतं.

गाडी आणि कॅमेरा हवाली केल्यावर आठवड्यानं मुकेशनं त्याला दुकानात बोलावलं. गल्ल्याच्या मागे भिंतीवर भलीमोठी फ्रेम लावली होती. काळ्या मातीचं कारंजं, मधे तिरकी झालेली गाडी, आणि डाव्या कोपऱ्यात दोन्ही हात वर केलेली सोनी. यशोधरानं फोटो झकास काढला होता. फ्रेमखाली राजेंद्रचं नाव आणि गॅरेजचा पत्ता.

“ये मेरा राजूभाई!” मुकेशनं समोरच्या एका गिऱ्हाइकाला सांगितलं. “बघा काय गाडी बनवली! गाववाली पण टाटा करते.”

गिऱ्हाईक खूश झालं. त्यालाही अशीच गाडी करून हवी होती. या घडीची राजेंद्रनं हिवाळाभर वाट पाहिली होती.

“ती टाटा करत नाहीये, शेठ,” तो म्हणाला. “ते तिचं पेरलेलं आहे. ती थांब म्हणतेय.”

गिऱ्हाइकानं फोटो जवळ जाऊन पाहिला.

“मग तुम्ही थांबलात?”

“नाही,” राजेंद्र म्हणाला. “मी तिला हात केला, आणि अजून एक चक्कर मारली.”