तिसऱ्या सांध्याची ओल

आगगाडीच्या रुळांकडे घराची पाठ असते, तोंड नसतं. एवढी साधी गोष्ट मॉडेल रेल्वेच्या क्लबातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना वीस वर्षांत कळली नव्हती. हॉलभर टेबलं जोडून त्यांनी छोटी रेल्वे मांडली होती. सिग्नल होते, पूल होता, आणि रुळांच्या कडेला एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग. सगळी घरं गाडीकडे तोंड करून, दारात कुंड्या मांडून उभी, जसा काही गाडीतून नवरदेवच उतरणार आहे.

“यांना मागची बाजू कुठाय?” रिटायर झालेला प्लंबर क्लबात आला त्या पहिल्याच दिवशी म्हणाला. “मोऱ्या नाहीत, पाइप नाहीत. ही माणसं करतात काय दिवसभर? कुंड्यांना पाणी घालतात नि पोट धरून बसतात?”

मंडळींची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. क्लबाच्या अध्यक्षीणबाई मात्र खो खो हसल्या. त्या दातांच्या डॉक्टर. लोकांच्या तोंडातली घाण रोज बघायची सवय.

“मग तुम्हीच बांधा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण आमचा एक नियम आहे. खऱ्या घरांचा फोटो मी काढणार. फोटोत जे आहे ते मॉडेलात हवं. फोटोत नाही ते नको.”

प्लंबरने छाती काढून हो म्हटलं आणि स्वतःचीच रांग निवडली. आठ घरं, रुळांकडे पाठ. पाचवं त्याचं. सहावं धाकट्या भावाचं, तो शिंपी. दोघांच्या मध्ये एक समाईक भिंत आणि अकरा वर्षांचा अबोला.

अबोला ओलीवरून. शिंप्याच्या मागच्या भिंतीला ओल आली, तेव्हा तो सरळ म्हणाला होता, “दादा, तुझा पाइप गळतोय.” प्लंबरला असं म्हणणं म्हणजे सोनाराला तुझं सोनं पितळ आहे म्हणणं. “ओल जमिनीतून चढते,” दादा गरजला. “तू काजं कर!” संपलं. तेव्हापासून जे सांगायचं ते समाईक भिंतीला सांगायचं, मोठ्यांदा. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीचे कान किटले होते.

आणि खरं काय ते प्लंबरला पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याच्याच पाइपाच्या वरून तिसऱ्या सांध्यात पाणी अडवायची सुतळी कमी भरली होती. त्याच्याच हाताने, जेवायची घाई होती म्हणून. पण अख्खी वस्ती म्हणायची, याने जोडलेला पाइप हा मेल्यावरही गळायचा नाही. असं नाव झालं की माणूस त्या नावाचा नोकर होतो. खरं बोलायचीही सोय राहत नाही.

अडीच महिने तो घरं बांधत होता. शहात्तरपट लहान. पुठ्ठ्यावर एकेक वीट पेन्सिलीने आखली. तांब्याच्या तारेचे पाइप केले. दोन नंबरवाल्याने परवानगीशिवाय काढलेली पत्र्याची न्हाणी जशीच्या तशी उठवली. छप्पर मध्ये खचलंय, म्हणून पूर्ण झालेलं छप्पर अंगठ्याने दाबून खचवलं.

“अहो, आपल्या खऱ्या दाराची कडी निखळलीय,” बायको म्हणाली. “ती कधी बसवणार?”

“ती फोटोत येत नाही.”

क्लबाच्या प्रदर्शनाला तीन दिवस राहिले तेव्हा डॉक्टरबाई तपासायला आल्या. हातात दात बघायचा छोटा आरसा. पन्हळीखाली, छज्ज्याखाली, न्हाणीच्या आत आरसा फिरला.

“वा! पण सहाव्या घराच्या भिंतीवर फोटोत म्हशीएवढी ओल आहे. ती कुठे गेली?”

“रंगवायची राहिली.”

राहिली कसली! दुसऱ्या दिवशी त्याने ती रंगवून आणली, जमिनीतून वर चढणारी. बाईंनी फोटो शेजारी धरला.

“खालची दोन फूट भिंत कोरडी आहे हो फोटोत. ओल वरून सुरू होते, इथून, पाइपापासून.”

“ओल जमिनीतूनच येते.”

“येत असेल. फोटोत येत नाही. रविवारपर्यंत बरोबर झालं तर ठेवू, नाहीतर तुमची रांग टेबलाखाली.”

अडीच महिने टेबलाखाली! घरी येऊन त्याने खोटी ओल खरवडली आणि भर दुपारी ब्रश घेऊन बसला. बायको समोर शेंगा सोलत होती.

“करा की काहीतरी. अंगठ्याएवढी भिंत, कुणाला दिसणारे?”

“मला दिसणारे.”

खोटं बोलायला जीभ लागते, आणि जिभेला हाड नसतं. हाताला असतं. चाळीस वर्षं पाण्याची वाट शोधणाऱ्या हाताला पाणी उलटं चढवता येईना. ब्रश दोनदा जमिनीशी गेला, दोनदा परत आला. शेवटी प्लंबरने एक सणसणीत शिवी हासडली, तिसऱ्या सांध्यावर पातळ तपकिरी रंगाचा थेंब ठेवला आणि वाहू दिला. थेंबाला वाट विचारावी लागली नाही. कडेने त्याने शेवाळाची हिरवी रेघ ओढली.

बायकोने भिंतीला बोट लावलं आणि बोट ओलं झालंय का ते बघितलं. मग उठली आणि समाईक भिंतीपाशी जाऊन ओरडली, “रविवारी प्रदर्शन आहे म्हणावं! चष्मा घेऊन या म्हणावं!”

शिंपी आला. त्याच्या बायकोने ओढत आणला. आधी त्याने मॉडेलातल्या स्वतःच्या दोरीवरचे इवले कपडे मोजले, मग भिंतीशी वाकला. किती तरी वेळ वाकलेलाच. छोटी गाडी दोनदा जाऊन आली.

“डॉक्टरबाई,” तो म्हणाला, “हे बांधणाऱ्याला विचारा, ही ओल कुठून निघालीय.”

“मी का विचारू? समोर उभे आहेत. आणि मी भिंत नाही.”

शिंपी भावाकडे वळला. “दादा, कुठून निघालीय?”

“तिसऱ्या सांध्यातून.”

“कुणाच्या पाइपाच्या?”

“माझ्या. आता चारचौघांत कपडे उतरवतोस काय?”

“मी शिंपी आहे. माप घेतोय.”

मागून क्लबातला एक जण खिदळला, “अरे, प्लंबरच्याच घरी गळती?”

प्लंबर गर्रकन वळला. “हो, प्लंबरच्याच घरी! दातांच्या डॉक्टरची दाढ किडत नाही का?”

“दोन किडल्यात,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

हॉल हसला. आभाळ कोसळेल म्हणून प्लंबर अकरा वर्षं डोकं धरून बसला होता. ते काही कोसळलं नाही. फक्त भावजय फणकारली, “भाऊजी, चार वेळा चुना मारलाय मी त्या भिंतीला! आता हसू नका, शिडी काढा.”

सोमवारी सकाळी प्लंबर शिडीवर होता. खाली शिंपी शिडी धरून उभा, गळ्यात माप घ्यायची टेप, आणि तोंडाला उसंत नाही.

“सुतळी नीट भर. टाके लांबलांब घालू नकोस. तिकडे बघ, तिकडे फट दिसतेय.”

हातातला पाना याच्या टाळक्यात सोडावा असं प्लंबरला तीनदा वाटलं. तीनदा त्याने तो सांध्यावरच आवळला.

“आणखी दोन वेढे दे, दादा. घाई नाही, जेवण झाकून ठेवलंय.”

वेढे पुरेसे झाले होते. प्लंबरने मुकाट्याने आणखी दोन दिले.