स्लॅबवर कोणी येतं का

"वर कोनी येतं-जातं का, आबा?"

संपत फिटरनं स्लॅबच्या मधोमध उभं राहून विचारलं आणि हौसरावनं क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "कोन येतंय? मोकळाच पडलाय."

जिन्याच्या वरच्या पायरीवर हौसरावची बायको साळूबाई चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं, कप कठड्यावर ठेवले आणि खाली निघून गेली.

हौसरावचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दोन हजार सहा साल. लोडशेडिंगनं न्हावरे गावाला नको नको करून सोडलं होतं. दिवेलागणीला गेलेली वीज जेवणं उरकल्यावर यायची. चिमणीच्या उजेडात भाकऱ्या करताना साळूबाईचं मनगट तव्याला भाजलं, तेव्हा हौसरावनं सोलरचं मनावर घेतलं. माणूस मोठा चौकस. म्हैस घेताना दात बघणार, धार बघणार, वर चार जणांना विचारणार. शिरूरहून संपतला बोलावलं आणि त्याचं डोकं खाल्लं. तोंड दक्षिणेलाच का? निंबाची सावली कुठवर येते? भोकं पाडली तर पावसाळ्यात स्लॅब गळंल का? बॅटरीत पाणी कवा घालायचं? सगळं विचारलं. घरातल्या बाईला विचारायचं तेवढं राहिलं.

आळीतला पहिला स्लॅब त्यांचा. बाकी सगळी पत्र्याची घरं. बांधकामाच्या वेळी हौसराव म्हणाला होता, जिन्याचं मागनं बघू. तेव्हा साळूबाई अडून बसली होती, की जिनाच नाही तर स्लॅब काय कावळ्यांसाठी घालता? जिना झाला, आणि तेव्हापासून चैत्र लागला की तो स्लॅब हौसरावचा राहायचाच नाही. उजाडायच्या आत चिकाचं पातेलं वर चढायचं. हौसरावची जुनी धोतरं अंथरली जायची, चारी कोपऱ्यांवर दगड. एका बाजूला साळूबाई, समोर शेजारची खुर्शिद आणि तिचा पितळी सोऱ्या. कुरडई घालावी तर खुर्शिदनं. तिचा हात असा फिरायचा की पहिली आणि शेवटची कुरडई एकीवर एक ठेवली तर तंतोतंत बसावी. मग दुपारी तिच्या शेवया, गिताबाईचे सांडगे, कुणाच्या मिरच्या. कामापेक्षा बोलणंच जास्त. सासवांच्या चहाड्या, लेकींची सुखदुःखं, सगळं त्या स्लॅबवर वाळायला पडायचं. खुर्शिदचा नवरा, इमाम टेलर, गेला त्या वर्षी ती वर येईना, तर साळूबाईनं तिला हाताला धरून चढवलं होतं. त्या दिवशी ती नुसता सोऱ्या फिरवत राहिली. हौसराव त्या वेळी डेअरीवर असायचा. त्याला ताटात कुरडई दिसायची, स्लॅब कधी दिसला नाही.

सोलर बसलं, तेही ऐन मधोमध. सगळीकडून ऊन लागावं म्हणून हौसरावनंच जागा दाखवली होती. वर त्यानं फर्मान काढलं. सोलरच्या पाटीवर सावली पडायला नको, मिरचीची धूळ नको, पोरंसोरं नकोत. जिन्याच्या दाराला कुलूप लागलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात उजेडाची नळी लागली, आणि खोटं कशाला बोला, साळूबाईलाही बरं वाटलं. उजेड कोणाला नको असतो?

त्या चैत्रात आळी वर चढली नाही. खुर्शिदनं दारात बाज टाकून शेवया वाळत घातल्या, तर गिताबाईच्या शेळीनं निम्म्या फस्त केल्या. खुर्शिद हसत म्हणाली, "जाऊ द्या अक्का, यंदा शेळीची ईद झाली." साळूबाईही हसली. रात्री मात्र तिला जेवण गेलं नाही.

दिवाळीला लेक-जावई आले. ताटात कुरडई होती, पण पांढरीफटक, कडक. हौसरावनं एक तुकडा मोडला आणि ही कुठली म्हणून विचारलं.

"दुकानातली," साळूबाई म्हणाली. "आपल्या स्लॅबवर कोन येतंय?"

जावई खाली मान घालून जेवत राहिला. हौसरावनं घास ताटात ठेवला. मग त्यानं कुलपाची किल्ली कमरेच्या करगोट्यातून सोडून तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "चुकलं माझं. चैताच्या आत हालवतो ते सोलर."

पण संपतला शिरूरहून यायला सवड मिळेपर्यंत फाल्गुन उजाडला, आणि मधल्या काळात खुर्शिदचा मुलगा अफताब येऊन आईला दौंडला घेऊन गेला. तो रेल्वेत होता, एकटीला इथं किती दिवस ठेवणार, त्याचंही चुकलं नाही. जाताना खुर्शिदनं पितळी सोऱ्या साळूबाईच्या हातात दिला.

"तुम्हीच ठेवा, अक्का. तिथं चौथ्या मजल्यावर घर हाय. गच्चीला कुलूप असतंय म्हनं."

साळूबाईनं सोऱ्या नको नको म्हणत घेतला आणि एसटी वळेपर्यंत स्टँडवर उभी राहिली. थोडे दिवस थांबा, जागा मोकळी होतीय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण लेक आईला न्यायला आलेला, तिथं कुरडयांचं काय सांगायचं?

संपत आला. पाट्या सोडवून त्यानं उत्तरेच्या कडेला नेल्या. तोंड दक्षिणेलाच राहिलं, सावली स्लॅबच्या बाहेर गेली आणि पुढचा सगळा स्लॅब लख्ख मोकळा झाला. वायर ओढायच्या आधी, पायात येऊ नये म्हणून, त्यानं सवयीनं पुन्हा विचारलं, "वर कोनी येतं का, आबा?"

हौसराव त्या रिकाम्या स्लॅबकडं बघत राहिला.

"येत व्हत्या," तो म्हणाला.

चैत्र लागला. साळूबाईनं गहू भिजवले, चीक शिजवला. आळीतल्या बाकीच्यांनी आता शिरूरहून कुरडयांची पाकिटं आणायला सुरुवात केली होती. गुडघा धरत, पातेलं सांभाळत हौसराव तिच्या मागोमाग वर आला. तिनं धोतर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, सोऱ्यात चीक भरला आणि आपल्या बाजूला बसली. समोर बसायला हौसराव वाकला, तशी तिनं हातानंच त्याला, तिथं नको, अशी खूण केली. तो उठला आणि दुसऱ्या कडेला जाऊन कावळे हाकत बसला. समोरची जागा तशीच राहिली.