चौथी चिठ्ठी माझ्याकडे आहे

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. वेताची, केराची. नाक मुरडू नका. तुम्ही जे फेकता ते मी ठेवते, त्यामुळे माणसांविषयी मला तुमच्यापेक्षा बरंच जास्त कळतं. आणि जे कळलं आहे, ते फारसं कौतुकाचं नाही.

मला एका बाईने विणलं. वेत पाण्यात भिजवायचा, वाकवायचा, पुन्हा भिजवायचा. न वाकणाऱ्या वेतावर ती चिडत नसे. ती म्हणायची, "ओढल्याशिवाय कळत नाही कुठला चिवट आहे ते." माझ्या काठाखालचा एक वेत ओढताना तुटलाच. तिने तो तसाच ठेवला आणि मला स्वस्तात विकलं. तिथे एक फट राहिली. ती लक्षात ठेवा.

मला विकत घेणारा गृहस्थ लेखक होता. निदान तो तसं म्हणायचा. त्याच्या टेबलावर बिस्किटांचा एक रिकामा डबा होता आणि त्यात चार चिठ्ठ्या. माणूस विरुद्ध माणूस. माणूस विरुद्ध निसर्ग. माणूस विरुद्ध समाज. माणूस विरुद्ध त्याचं स्वतःचं मन. कुठल्याशा व्याख्यानात त्याने ऐकलं होतं की संघर्षाशिवाय गोष्ट होत नाही. म्हणून हे महाशय रोज सकाळी डोळे मिटून चिठ्ठी उचलत आणि निघेल तो संघर्ष नायकाच्या डोक्यावर आदळत. स्वयंपाकाला काय करायचं तेसुद्धा लोक याहून जास्त विचार करून ठरवतात.

निसर्गाची चिठ्ठी निघाली की वादळ. नायक होडीत, लाटा घराएवढ्या, आणि चाळीस पानांनंतर नायकाचा भांगसुद्धा विस्कटलेला नाही. समाजाची निघाली की नायक चौकात भाषण ठोकायचा आणि पुढच्या परिच्छेदात सगळं गाव ढसाढसा रडायचं. माणसाची निघाली की गालावर व्रण असलेला खलनायक. दर वेळी तोच. व्रण मात्र कधी डाव्या गालावर, कधी उजव्या.

ही सगळी पानं त्याची धाकटी बहीण सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. त्याचं अक्षर त्यालाही लागत नसे. टपाल पेटीत टाकणं आणि मला रिकामं करणं हीही तिचीच कामं. त्या घरात डोकं फक्त तिला होतं, त्यामुळे साहजिकच तिला कोणी विचारत नव्हतं.

एकदा ती म्हणाली, "दादा, वादळ छान झालंय. पण हा कुठेच कसा घाबरत नाही?"

"नायक आहे तो. नायक घाबरत नाही."

"वादळाआधी जसा होता तसाच नंतर आहे. मग वादळाला कशाला त्रास दिलास?"

दादाने फक्त पान उलटलं.

चौथी चिठ्ठी निघाली की त्याचा चेहरा उतरायचा. मनाशी भांडणारा माणूस कुठून आणायचा? तो चिठ्ठी परत डब्यात टाकून दुसरी काढायचा. एक दिवस वैतागून त्याने ती माझ्याकडे भिरकावली. ती माझ्या फटीत अडकली. डब्यात तीनच उरल्या आहेत हे त्याला कळलंसुद्धा नाही.

बहिणीला ती सापडली. तिने वाचली, हसली, परत फटीत खोचली आणि आठवडाभर दुपारी बसून एक गोष्ट लिहिली. एक घड्याळजी, एक म्हातारं गिऱ्हाईक. घड्याळजीच्या हातून गिऱ्हाइकाच्या वडिलांचं घड्याळ बिघडतं. तो गुपचूप आतलं यंत्र बदलतो. म्हातारा रोज येऊन आभार मानतो. बस, एवढंच. पण दर आभाराला घड्याळजीचा एक पापुद्रा निघत जातो, आणि शेवटी आत काय आहे ते त्यालाही बघावं लागतं.

दादाने वाचावी म्हणून तिने ती त्याच्या गठ्ठ्याखाली ठेवली. दादाने न बघता सगळंच बांधून प्रकाशकाकडे पाठवलं. सगळं एकाच अक्षरात! प्रकाशकाचं पत्र आलं, बाकीच्या कथा ठीक, पण घड्याळजीच्या कथेला तोड नाही, पुस्तकाला त्या कथेचंच नाव देऊ.

पत्र आलं तेव्हा बहीण बाहेर गेली होती. वादळं अंगावर घेणाऱ्या नायकांच्या या जन्मदात्याची पाचावर धारण बसली. त्याने कागद ओढला. पहिलं पत्र, 'ती कथा माझ्या बहिणीची आहे. चुकून गठ्ठ्यात आली. तिच्याच नावाने छापा.' खाली सही. मी चकित झाले. तेवढ्यात तो बोळा माझ्या पोटात पडला. दुसरं, 'ती कथा आम्हा दोघांची आहे.' बोळा. तिसरं, 'बहिणीची मोलाची मदत झाली.' बोळा. चौथं, 'सुवाच्य प्रतीबद्दल बहिणीचे आभार.' तेही त्याला जास्त वाटलं! पाचवं त्याने मोठ्याने वाचून पाकिटात बंद केलं, 'माझी कथा आपल्याला आवडली, आनंद झाला.'

मित्रांनो, त्या दिवशी मला लाज वाटली. केराची टोपली आहे मी, मला लाज वाटायचं कारण नाही. तरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे मला रिकामं करायला आली. चारही बोळे तिने तळहाताने सपाट केले आणि टेबलावर ओळीने मांडले. दादा चहाचा कप घेऊन आला तो दारातच थांबला.

"हे... हे काय?"

"तुझी नवीन गोष्ट. दादा, पहिल्यांदाच तुझा माणूस खरा वाटतोय."

तो खुर्चीवर बसला. कप हातातच. तिने एका हातात ते बंद पाकीट धरलं आणि दुसऱ्यात पहिलं, चुरगळलेलं पत्र.

"यातलं कुठलं टाकू पेटीत? तू सांगशील ते टाकते."

चहावर साय धरली.

"तूच बघ," तो म्हणाला.

एवढंच! तिने पाकीट माझ्यात टाकलं आणि पत्र घेऊन निघाली. त्याने तिला अडवलं नाही. त्याच्या सबंध आयुष्यातलं शौर्य हे एवढंच, आणि तेही बसल्या बसल्या केलेलं.

त्या कथेवर तिचं नाव छापून आलं. आता तिचं स्वतःचं टेबल आहे आणि मी त्याच्याखाली असते. पाहुणे आले की दादा ऐटीत सांगतो, "मीच प्रकाशकांना पत्र लिहिलं, स्वतःच्या हाताने!" ते खोटं नाही, हेच मला झोंबतं.

आता मी खिळखिळी झाले आहे. मित्रांनो, मला रंग देऊ नका, फुलं लावू नका. फेकण्याआधी हातातला कागद एकदा वाचा, आणि तो तुटलेला वेत दुरुस्त करू नका. चौथी चिठ्ठी अजून तिथेच आहे. परवा घरात कोणी नसताना दादा आला, खाली वाकला आणि ती काढून वाचू लागला. मला वाटलं, खिशात घालतोय. त्याने तिची नीट घडी केली आणि पुन्हा फटीत खोचली.