वीस मिनिटं

"काटाच हाय. पट्टी मार शिस्टर, मी चालली," चिमाकाकी आरोग्य उपकेंद्राच्या दारातूनच म्हणाली.

रेणुकाच्या हातातला कापूस हातातच राहिला. सहा वर्षांत चिमाकाकीने या दाराकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं. ताप आला तरी बाई तडक खेडचा दवाखाना गाठायची. आज शेत भाजायला, भाजावळीसाठी, सुका पाला गोळा करताना बोटाला काहीतरी टोचलं आणि वाडीतल्या बायकांनी तिला बळेच इकडे पिटाळलं.

"काकी, थोडं रक्त घेते. वीस मिनिटं बसावं लागेल."

"ठावक हाय मला तुझी वीस मिनटं."

ठाऊक कुणाला नव्हती? काटा लागो की खिळा, रेणुका काचेच्या नळीत रक्त घेणार, नळी टेबलावर उभी करणार आणि माणसाला बसवून ठेवणार. रक्त गोठलं तर ठीक. पातळच राहिलं तर विषारी फुरसं चावलेलं. दोघांचं पातळ राहिलं होतं. ते वेळेवर खेडला पोचले आणि आज हिंडतफिरत आहेत. तरी गावाची कुरकुर काही थांबत नव्हती.

तेवढ्यात यमुनाबाई टाच धरून आली. तिचीही नळी शेजारी उभी राहिली, आणि ती बाहेरच्या बाकावर "म्हशीची धार राहिली माझी" म्हणत चिडचिड करत बसली.

सहा वर्षांपूर्वी सदूकाकांना मात्र रेणुकाने बसवलं नव्हतं. चिमाकाकीचा नवरा. कुंपणाच्या गडग्याचे दगड रचताना बोटाला टोचलं म्हणून आले होते. सूज नव्हती, दातांच्या खुणा नव्हत्या. तिने धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि खेडच्या वाटेवरच ते गेले. रेणुकाने नोकरी सोडायचा अर्ज लिहिला, आणि फाडला. पुढच्या बैठकीत ती सगळ्या नर्सेससमोर उभी राहिली. माझ्या हातून माणूस गेला, कसा गेला ते ऐका, म्हणाली. नवीन मुली आल्या की ती अजूनही सांगते, आणि अजूनही ते तिला जड जातं.

फक्त चिमाकाकीला सांगायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं.

वीस मिनिटं भरली. रेणुकाने चिमाकाकीची नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही.

"गोठलंय. काटाच आहे."

"येवढंच?" चिमाकाकी नळीकडे बघत राहिली. "तवा ह्यांचं असं बघितलं असतंस तर?"

डॉक्टर, सरकार, नशीब, कुणाचं तरी नाव घ्यावं असं रेणुकाला क्षणभर वाटलं.

"वाचले असते," ती म्हणाली. "मी चुकले, काकी."

चिमाकाकीने नळी स्वतः कलती करून पाहिली.

"काटाच असंल, कशाला जाता, असं मीच बोलली व्हती त्यांना. तरी ते आले तुझ्याकडं."

रेणुकाला रडू आवरेना. "ते बघायचं काम माझं होतं. तुमचं नव्हे."

पट्टी बांधून झाली. चिमाकाकी उठली. बाहेर यमुनाबाई वीस मिनिटं भरण्याआधीच चपला पायात सरकवून निघाली होती.

"बस खाली," चिमाकाकी तिला म्हणाली.

"अगो, म्हैस..."

"बस गो गुमान."

रेणुकाने खिडकीतून पाहिलं. चिमाकाकीही बाकावर तिच्या शेजारी बसली होती, आणि ती उठून जाऊ नये म्हणून पट्टी बांधलेल्या हाताने तिचा पदर धरून ठेवला होता.